हौद्याखालची चीर

१२ सप्टेंबर १९८३, सानपाडा

काल दीड दिवसाचे गणपती पोचवले. गावातल्या सगळ्या मूर्ती माझ्या टेम्पोतून एका खेपेत, मागची चाकं खाडीच्या पाण्यात घालून. दरवर्षी असंच करतो. गाडी परत चढावर घेताना मागून 'कट्' असा आवाज आला. पोरं मोरया मोरया ओरडत होती, कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला.

आज गाडी उभीच. गौरी जाईपर्यंत बायजामावशी आणि तिच्याबरोबरच्या कोळणी मासळीला हात लावत नाहीत, म्हणजे चेंबूर बाजाराची खेप नाही. गोणपाट टाकून खाली शिरलो. मागचे स्प्रिंगचे पाटे जिथं चासीला बसतात तिथं गंजाचे नुसते पोपडे. स्क्रूड्रायव्हरने टोकरलं, तर च्यायला, मुठीपर्यंत आत गेला. चासी आहे का बिस्कीट! लिलावात घेतली तेव्हा माणूस म्हणाला होता, मिलिटरीचं लोखंड आहे, नातवंडं चालवतील.

१३ सप्टें.

उजेडात परत बघितलं. गंज नुसता नाही, चीर आहे. पाट्यांच्या जरा मागं, उजव्या बाजूला, बोटाएवढी. कुसुमचा रांगोळीचा खडू घेतला आणि चिरेच्या दोन्ही टोकांना रेघ मारली. वाढली तर कळेल.

कुसुम : "पाठीला एवढा चिखल कशानं?" म्हटलं, ग्रीस करत होतो. ती दीड वर्षापूर्वी लग्न होऊन साताऱ्याहून आली तेव्हा मासळीचा वास आला की पदर नाकाला लावायची. आता मावशीबरोबर बाजारात बसते, बोंबील विकते, गिऱ्हाइकाशी भांडते पण. जाता-येता मागे हौद्यात, अगदी शेवटी फाळक्यापाशी बसते, केबिनमध्ये पेट्रोलच्या वासाने तिला मळमळतं.

फाळक्यापाशी. म्हणजे बरोबर चिरेच्या वर.

१६ सप्टें.

खेप सुरू. पहाटे सगळ्या टोपल्या आणि बायका मागे, मावशी माझ्या शेजारी केबिनमध्ये. ती घरमालकीण, खोली तिचीच, त्यामुळे पुढची सीट पण तिचीच. मागून टपावर एक थाप म्हणजे चल, दोन म्हणजे थांब. एक पडली, निघालो.

खाडीपूल आला. खाली पाणी, भरती होती. गाडी इतकी हळू घेतली की मागचा ट्रक शिव्या घालून पुढं गेला.

मावशी : "बैलगाडी हाकतंस का रं पोरा? बाजार उठंल!"

मागे बायकांची बडबड चालू होती, कुणाच्या तरी सुनेवरून. म्हणजे सगळं ठीक. बडबड जरा थांबली की मी आरशात बघतो. परत हसण्याचा आवाज आला की नजर रस्त्यावर. येता-जाता हेच.

१७ सप्टें.

आज डोक्यात उजेड पडला आणि पडला नसता तर बरं झालं असतं.

बाजारातून आलो की गाडी बंदरावर घेतो. बायका टोपल्या धुतात, आणि मग बादल्यांवर बादल्या ओतून हौदा धुतात. खाडीच्या पाण्याने. मी तेवढ्यात चहा पितो, आयतं काम होतं म्हणून खूश. चार वर्षं रोज! एक दिवस चुकवत नाहीत. आज चहा हातात धरून बघत राहिलो. पाणी फळ्यांतून खाली गळत होतं, बरोबर तिथंच.

मावशीला म्हटलं, रोज कशाला धुता, राहू द्या. तर माझ्यावरच डोळे काढले. "लक्षुमी हाय ती आपली. तिला घान ठेवाची नाय." आणि वरून हात जोडून बोनेटला पाया पडली. आता काय बोलू? म्हणू की मावशी, तुम्ही लक्ष्मीला रोज मिठाची आंघोळ घालताय?

२१ सप्टें.

वाशीला रफीकभाईकडे. वेल्डर चांगला, तोंड फटकळ. खाली शिरला, हातोडीने टकटक केलं, बाहेर येऊन हात पुसत बसला. शेवटी म्हणाला, "वसंतभाऊ, वेल्डिंग कशाला मारू? पकडायला लोखंड तर पायजे."

पूर्ण हौदा उतरवायचा, दोन्ही बाजूंनी जाड पट्टी घालायची. दहा-बारा दिवस. तेही दसऱ्यानंतर, आत्ता त्याच्याकडे लाईन लागलीय, सगळ्यांना दसऱ्याला गाडी चकाचक पाहिजे. विचारलं, तोवर चालेल ना? म्हणाला, "चालेल. नाय पण चालणार. माणसं भरू नको."

माणसं भरू नको! मग काय भरू?

दहा-बारा दिवस गाडी उभी म्हणजे बाजारातली जागा गेली. गणपतीत सगळ्याच नसतात; एरवी फुटपाथवर चार दिवस रिकामी दिसली की तिथं दुसरी बसते, मग उठत नाही. मावशीची जागा तिच्या सासूपासूनची. बसमध्ये ओल्या टोपल्या घेत नाहीत. दुसरा टेम्पोवाला मासळी म्हटलं की नाक मुरडतो. सगळा विचार करून झाला, रस्ता नाही.

२५ सप्टें.

चीर खडूच्या रेघेच्या बाहेर आली. थोडीच. नखाएवढी. पण आली.

जेवण गेलं नाही. कु.ने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, काय ते सांगा, नाहीतर मी पण जेवत नाही. सांगून टाकलं. खडूसकट. म्हटलं, उद्यापासून तू पुढं बस, मळमळलं तर मळमळलं.

ती ताटं झाकत म्हणाली : "मी पुढं बसू, आणि त्या मागं?"

घाबरलोय मी, सरळ लिहितो. तिच्यासाठी घाबरलोय. बाकीच्यांचं नंतर सुचलं, हे तिनं ओळखलं आणि तेच तिला लागलं.

२६ सप्टें.

कु. तिच्याच जागेवर बसली. फाळक्यापाशी. मागून तिचा आवाज एकदाही आला नाही. पूर्वी सगळ्यात जास्त तीच हसायची.

३ ऑक्टो.

पुलाच्या अलीकडे खड्डा. चुकवायला गेलो, मागचं चाक गेलंच. धाडकन. आणि टपावर दोन थापा.

गाडी कशी थांबवली माहीत नाही. उतरलो. मागे जाऊन बघतो तर एक टोपली कलंडलेली आणि बायका हसतायत, सुरमई रस्त्यावर पडली म्हणून. कु. हसत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी सुरमई उचलून दिली. मावशी केबिनमधून ओरडली, "तोंड का रं पांढरं पडलंय? मासा हाय, मानूस नाय पडला!"

गाडी गेल्या महिन्यापेक्षा उजवीकडं कललीय. का मला तसं वाटतंय. लेव्हल लावून बघायला पाहिजे. नको, लेव्हल नकोच.

९ ऑक्टो.

नवरात्र. मासळीला गिऱ्हाईक नाही, तरी जागा राखायला जावंच लागतं. टोपल्या हलक्या आहेत एवढंच बरं.

आज ठरवून मावशीच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, मावशी, गाडीचं एक सांगायचंय. ती लगेच सुरू झाली. गाडीचं म्हटलं की तिला एकच गोष्ट आठवते. सुनेला कळा लागल्या, पाऊस, रस्त्यावर कमरेएवढं पाणी, एकही वाहन नाही, आणि मी गाडी घातली. नातू हौद्यातच झाला असता. "तवापासून मी तिला धुते. माज्या हातानं. लक्षुमी दगा देनार नाय."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी चहा पिऊन परत आलो. कु.ने नुसतं बघितलं, विचारलं नाही. भित्रा तो भित्रा, वर तोंडाचा पण भित्रा.

१५ ऑक्टो., खंडेनवमी

आजचं आजच लिहून टाकतो.

दुपारी बसने वाशीला गेलो होतो, झेंडू आणि लिंबू-मिरच्या आणायला. रफीककडे पण डोकावलो, म्हणाला दसरा होऊ दे. येऊन बघतो तर गाडी निळी. निळी! होडीला लावतात तो रंग, जाड, अजून ओला. मावशी आणि सगळ्या बायका भोवती उभ्या, पदर खोचलेले. कंदिलाच्या काजळलेल्या चिमणीसारखे काळे झालेले हात. गाडीच्या खालून डांबराचा वास.

चटई टाकून एकेक जण खाली शिरली होती म्हणे. चासी, पाटे, ब्रॅकेट, हौद्याची खालची फळी, सगळीकडे डांबर चोपडलंय. मी खाली शिरलो. खडूची रेघ नाही. चीर नाही. काही दिसत नाही. काळं गुळगुळीत.

मावशी : "होरी गलते तवा काय करतो? असाच करतो. एक थेंब आत येत नाय."

तेव्हा लक्षात आलं. हिला माहीत आहे.

खोलीत गेल्यावर कु.ला विचारलं. म्हणाली, "मी सांगितलं त्यांना. सकाळी. सगळं सांगितलं, गंज, चीर, रफीकभाई काय म्हणाले ते. तुम्ही सांगणार नव्हता." मग हातावरचं डांबर रॉकेलने पुसत पुसत : "त्या घाबरल्या नाहीत हो. एकमेकींकडे बघितलं आणि डांबर आणायला गेल्या. आता बरं वाटतंय मला."

होडी लाकडाची असते गं. लाकूड. तिला काय समजावू? किती दिवसांनी हसली आज.

आता चीर किती झाली ते मला कधीच कळणार नाही.

१६ ऑक्टो., दसरा

पूजा झाली. निळ्या बोनेटवर कुंकवाचा हात, चाकांखाली लिंबं. मावशीचा नातू स्टिअरिंगवर बसून पों पों करत होता. सगळ्यांनी सोनं वाटलं. आणि मग मी बोललो.

"उद्यापासून गाडी जाणार नाही. रफीककडे टाकतोय."

मावशी : "डांबर लावला ना?"

म्हटलं, मावशी, लोखंडाला डांबर वरून लावून चालत नाही. आत गंज तसाच राहतो. उलट आता दिसत पण नाही. तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाहीये. मला भीती वाटते. रोज वाटते. पुलावर वाटते, खड्ड्यात वाटते, तुम्ही गप्प बसलात की वाटते.

"किती दिस?"

दहा-बारा म्हटलं. तिनं एक एक करून बाकीच्यांकडे बघितलं. बाजारातली जागा जाणार. सगळ्यांना तेच दिसत होतं. मावशीनं गाडीच्या मडगार्डवर हात ठेवला, ओल्या रंगाचा निळा ठसा हाताला लागला, तो बघत घरात गेली. आपट्याचं पान हातातच राहिलं तिच्या.

१७ ऑक्टो., पहाट

बादलीच्या आवाजानं जाग आली. कु. अंथरुणात नव्हती.

दार उघडलं. मावशी नळाच्या रांगेतून पाणी आणून हौदा धुत होती. गोडं पाणी. पिण्याचं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "खारा नको म्हनालास ना." कु.ने तेही सांगितलंय वाटतं.

टोपल्या भरून ठेवलेल्या. धुऊन झाल्यावर एकेक जण चढली. कु. तिच्या जागेवर. मावशीला म्हटलं, पुढं बसा तरी. नाही म्हणाली. साडी आवरून फाळक्यावर पाय ठेवला आणि मागे चढली, कु.च्या शेजारी, बरोबर तिथंच. "आजचा दिस, जागेवर सांगून येतो. उद्या टाक तुज्या रफीककं." एवढंच.

चावी आणायला आत आलो आणि हे लिहीत बसलोय. भरतीची वेळ आहे. पुलाखाली पाणी असेल. बाहेर हौद्यात सगळ्या बसल्यात आणि बडबड नाही, हसणं नाही, काही नाही.

आत्ता टपावर एक थाप पडली. मावशीचा हात जड आहे, तिचीच.

दुसरी पडते का ऐकतोय.