नगण्य चुळबुळ

१ जानेवारी १९९८, उटनूर
संकल्प: रथसप्तमीपर्यंत थिअरी पूर्ण. धातू अगदी अॅब्सोल्यूट झीरोला नेला, उष्णता संपली, तरी नुसता दाब वाढवून त्यातलं चुंबकत्व मारता येतं. मरण्याआधी आत एक चुळबुळ सुरू होते. ती नगण्य धरली की गणित कसं सरळ सुटतं! ज्युनिअर कॉलेजच्या लेक्चररला हे सुचलं म्हणून हैदराबादवाले जळणार.

९ जानेवारी
चारुशीला म्हणाली, निर्मल गावच्या शाळेत नोकरी मिळतेय, आपण दोघं जाऊ या का? म्हटलं, एवढं पान होऊ दे. आदळआपट नाही. पूर्वी करायची. घरातलं तापमान उतरलंय. कामाला उत्तम.

१४ जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून कंगवे, गाळण्या. यंदा घरातले स्टीलचे डबे लुटले. नोकरीमुळे हात सैल झालाय.

२० जानेवारी
पुन्हा हळदीकुंकू. पराती, पातेली गेली. फळीमागची भिंत दिसते. शेजारच्या रमाबाई जाताना माझ्याकडे मयताच्या घरी बघावं तशा बघत होत्या. अंगावर काटा आला. थंडी फार.

२५ जानेवारी
एसटीडीवरून हैदराबादच्या प्रोफेसरांना थिअरी ऐकवली. म्हणाले, अहो, ती चुळबुळच मुख्य. दाब त्या टोकाला पोचला की ती धातूभर पसरते. काही धातूंत इलेक्ट्रॉनसुद्धा अखंड राहत नाही. ती टर्म परत घ्या. जळतात!
रमाबाईंनी अंगणात अडवलं. सर, तुमी काऊन चुप बसून राह्यले, बाई सारं घर वाटून राह्यली, म्हणाल्या. म्हटलं, वाण आहे, पुण्य लागतं.

३ फेब्रुवारी, रथसप्तमी
थिअरी पूर्ण!! चारुशीला ट्रंक घेऊन दारात उभी होती. काही म्हणायचंय का, विचारलं. म्हटलं, शेवटची ओळ राहिलीय. ‘जाते’ म्हणाली. ‘येते’ म्हणायची पद्धत आहे, पण घाईत असेल. ओळ संपली तेव्हा बस निघून गेली होती.

४ फेब्रुवारी, सकाळ
चहाला पातेलं नाही. घरात कसलीच चुळबुळ नाही. थिअरीप्रमाणे हे बरोबर आहे. भीती वाटते.
रमाबाईंनी चहा आणला. पेल्यावर कोरलेलं: चि. सौ. कां. चारुशीला हिस, मामांकडून. म्हणाल्या, पेला आठवणीनं परत द्या सर, वाण हाय ते.
धुऊन दिला.