शिडी कोण चढलं

साहेब,

मंगळवार, अकरा मार्च, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण माझा मुलगा स्वयंपाकघरात घड्याळाखाली उभा होता आणि त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघत होते. मी मेथी निवडत होते. त्याने जुडी बाजूला सारली, टेबलावर चौदा कागद ठेवले, वर स्वतःचं पेन ठेवलं आणि म्हणाला, "आई, फक्त सह्या कर." मी हात पुसले, चष्मा लावला. चौदा टाक्यांचे चौदा कागद. प्रत्येकावर छापलेलं, 'ही टाकी मी स्वतः चाखली आहे', आणि त्याखाली माझ्या सहीसाठी रेघ. "ह्या टाक्या आहेत कुठे?" मी विचारलं. "कुपवाडला," तो म्हणाला. म्हणजे सांगलीच्या कारखान्यातल्या चौदा टाक्या मी साताऱ्यात बसून, मेथी निवडता निवडता चाखल्या होत्या.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा मधलं सगळं सांगायला हवं. तुमच्या हाताखाली बावीस वर्षं बिअर तपासणाऱ्या बाईच्या मुलाने बिअरचाच कारखाना काढला. कारखाना म्हणजे महामार्गाच्या कडेला एक पत्र्याची शेड आणि तीन टाक्या. आपल्या कारखान्यातल्या यीस्टच्या खोलीत ही अख्खी शेड मावली असती. पण सुरुवातीला मला ते आवडलं होतं. ज्वारीला मोड आणायचे, ती गच्चीवर वाळवायची, भरडायची, घरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात उकळायची, हे सगळं आधी माझ्या स्वयंपाकघरात झालं. शेजारच्या वहिनी वासावर आल्या आणि म्हणाल्या, "काय हो, नातवाला सत्त्व करताय का?" मी म्हटलं, "नाही, त्याच्या बापाला." मग शेड उभी राहिली आणि त्रेसष्टाव्या वर्षी मी पुन्हा पदर खोचून शिडी चढू लागले. नमुन्याच्या नळातून अर्धा कप घ्यायचा, ओंजळीत धरून कोमट करायचा, हुंगायचा, घोट घेऊन थुंकायचा आणि खाली उतरून सही करायची. हे सगळं तुम्ही शिकवलेलं. मुलाने ते बघितलं आणि त्याला त्यात आई दिसली नाही, जाहिरात दिसली. बाटलीवर माझं चित्र आलं. चित्रात मला नथ आहे. मी लग्नातसुद्धा नथ घातली नव्हती, सर्दी झाली होती म्हणून. चित्राखाली ओळ, 'आईने चाखल्याशिवाय बाटली भरत नाही.' बिअरचं नाव लिहीत नाही, ते ह्याहून वाईट आहे.

पुण्यातल्या हॉटेलांना ही नथवाली म्हातारी भलतीच आवडली. मागणी वाढली, तीन टाक्या पुरेनात. आता पुरेनात तर चौथी बसवावी, नाहीतर गिऱ्हाइकाला थांबायला सांगावं. माझ्या मुलाने तिसरा मार्ग काढला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक मोठा कारखाना आहे, तो सांगाल त्याची बिअर सांगाल त्या कृतीने करून देतो आणि सांगाल ते लेबल लावून देतो. असे सात ब्रँड त्याच्याकडे आहेत, सातही जण आपण बिअर 'हाताने घडवतो' असं छापतात, आणि सातांच्या हातांना मोबाईलखेरीज कशाची सवय नाही. दुसऱ्याच्या टाक्या भाड्याने घेण्यात पाप नाही, साहेब, धंदा वाढताना बरेच घेतात. पण मग तसं बाटलीवर लिहा. मी हे म्हटल्यावर मुलगा समजूत घातल्यासारखं हसला. "आई, आता आपण ब्रँड आहोत. बनवणं हे आपलं काम राहिलं नाही." "मग आपलं काम काय?" "गोष्ट सांगणं." आमच्या कॉन्व्हेंट शाळेत अशा गोष्टी सांगणाऱ्या मुलींना सिस्टर पट्टी आडवी मारत नसत, उभी मारत. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, कृती तुझीच आहे ना? म्हणजे तू चाखल्यासारखंच आहे." ह्या हिशेबाने पुरणपोळीची कृती छापणारी मासिकं घरोघर जेवून उठायला हवीत. सही लागते ती कशासाठी तेही ऐका. बाटलीवर ठिपक्यांचा एक चौकोन असतो. त्यावर मोबाईल धरला की माझ्या सहीचा कागद दिसतो, आणि दाढीवाले तिशीतले पुरुष तो एकमेकांना दाखवून गहिवरतात.

मी सही करणार नाही म्हटलं आणि तुमचं नाव घेतलं. नोकरीचा माझा पहिला आठवडा. मी कॉन्व्हेंटची, अक्षर सुरेख, इंग्रजी तुमच्यापेक्षा बरं, आणि त्या दोन्हींचा माज. टाकीच्या कार्डावर चव, वास, रंग लिहून, खाली वळणदार सही करून मी ते तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही कार्ड बघत नाही, माझ्या चपला बघता. "शिडी कोण चढलं?" मी सांगते, नमुना कामगाराने खाली आणून दिला. तुम्ही सगळ्यांसमोर कार्डाचे चार तुकडे करता. "ज्याचे पाय शिडीवर, त्याचीच सही. नमुना वाटेत हवा खातो, बदलतो, कुणी दुसऱ्याच टाकीचाही आणून देतो. तुमचं अक्षर चांगलं आहे, बाई, पण अक्षराला चव नसते." मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि दुसऱ्या दिवशी बूट घालून आले. हे मी माझ्या मुलाला लहानपणापासून इतक्या वेळा सांगितलं आहे की त्याला पाठ आहे. तो म्हणाला, "साहेबांच्या काळात मार्केट नव्हतं, आई." आणि कागद तिथेच ठेवून गेला. एक तारखेला न्यायला येतो म्हणाला.

गुरुवारी सकाळच्या एसटीने मी सांगली गाठली आणि रिक्षाने कुपवाडला गेले, मुलाला न सांगता. मला त्या कारखान्याचं नाक कापायचं होतं. घाण सापडेल, आळस सापडेल, निदान बेफिकिरी तरी सापडेल अशी खात्री धरून गेले होते. कारखान्याचा मालक दारातच भेटला. पोट सुटलेला, बोलका माणूस. मी माझी ओळख सांगितली तर म्हणाला, "आवं, तुमी त्या बाटलीवरच्या आज्जी! नथ कुठं हाय?" मी विचारलं, आमच्या टाक्या कोणत्या? "तसं काय नसतंय बाई. सकाळी रिकामी झाली ती दुपारी तुमची. लेबल लागंपतुर बिअरला नाव नसतंय." मी म्हटलं, मला चाखायची आहे. त्याने हाक मारली आणि एक मुलगी आली, पंचविशीची असेल, पायात गमबूट, वेणी टोपीत कोंबलेली. कवठे महांकाळजवळच्या एका गावची. इथे टाक्यांची देखरेख तीच करते. मालक म्हणाला, "हिला विचारा. हिचं नाक लय वाईट हाय, आमचा सगळा माल अडवून धरती."

मुलगी शिडी चढली. मी म्हटलं, मीही येते. ती म्हणाली, "आवं नगं, वल्ली हाय शिडी. पडलासा तर माझ्यावर यील." मी चढले. वर गेल्यावर तिने नमुना घेतला आणि स्टीलच्या वाटीत, चहाच्या किटलीतल्या गरम पाण्यात तो कप धरला. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? "कुणी न्हाई. गार असली की ती काय बोलतच न्हाई. जरा ऊब दिली की बोलती." साहेब, हे तुमचं वाक्य आहे. थंड बिअर तोंड मिटून बसते, असं तुम्ही म्हणायचात, आणि ते शिकायला तुम्हाला परदेशी जावं लागलं होतं. तिने कप माझ्या नाकाखाली धरला. "लोण्याचा वास येतुया बगा अजून, कच्ची हाय. तुमचीच हाय ही. दोन दिस ऱ्हाऊ द्या म्हनलं तर काल बोलणी खाल्ली मी. पण भरू दिली न्हाई." मी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मला वास आला नाही. मला काहीच आलं नाही, गरम पाण्याची वाफ तेवढी आली. मी म्हटलं, "हो, येतोय." मुलगी खूश झाली. खाली उतरून तिने एका वहीत टाकीचा नंबर, वेळ, आणि 'लोनी. थांबा.' असं लिहिलं. बाकीच्या टाक्यांचीही वही मी चाळली. प्रत्येक टाकी, रोज दोनदा. अक्षर कोंबडीच्या पायासारखं आणि एकही नोंद चुकलेली नाही. घरी काय सांगितलंय, असं विचारलं तर म्हणाली, "ज्यूसची कंपनी हाय म्हून सांगितलंय. पण माझा भाऊ लष्करात हाय, त्याला ठावं हाय. सुट्टीला आला की वास घेऊन हसतो." मीसुद्धा सासरच्यांच्या लेखी अकरा वर्षं औषधाच्या कंपनीत होते. निघताना तिने विचारलं, "आज्जी, त्या कागदावर तुमची सही असती न्हवं? मग माझी वही कुठं जाती?" मी म्हटलं, एसटी चुकेल.

एसटीत खिडकीशी बसून मी मुलाला शिव्या घालत होते. उंटावरून शेळ्या हाकणारा, आयत्या बिळावरचा नागोबा, जे जे आठवेल ते. कऱ्हाडपर्यंत शिव्या संपल्या आणि तुम्ही आठवलात. तुमचे गुडघे गेले ते साल मला ठाऊक आहे, तुम्हालाही असेल. त्यानंतरची नऊ वर्षं तुम्ही एकदाही शिडी चढला नाहीत. मी चढत होते. पोटात हा मुलगा असताना सातव्या महिन्यापर्यंत चढत होते. मी खाली येऊन सांगायची, तुम्ही मान हलवायचात आणि कार्डावर सही करायचात. तुमची. पहिल्या वर्षी मी विचारलं, माझी करू का? तुम्ही म्हणालात, "वरच्या ऑफिसला बाईची सही चालणार नाही, उगाच चौकशा होतील. पुढच्या वर्षी बघू." पुढची आठ वर्षं मी विचारलंच नाही. कंपनीला बक्षीस मिळालं तेव्हा फोटो तुमचा होता आणि हार तुम्हाला होता, आणि मी टाळ्या वाजवल्या, मनापासून. निवृत्तीच्या दिवशी तुम्ही तुमचं शाईचं पेन मला दिलंत. सगळे म्हणाले, केवढा मान. मलाही तेच वाटलं. आता वाटतं, तुम्हाला तोंडाने म्हणायचं होतं ते तुम्ही खिशातून काढून दिलंत आणि सुटलात. ज्याचे पाय शिडीवर त्याचीच सही, हा नियम तुम्ही माझ्यासाठी केला होता. स्वतःसाठी केला नव्हता. एका कार्डाचे चार तुकडे करणाऱ्या माणसाने नऊ वर्षांत एकही कार्ड फाडलं नाही. माझ्या मुलाला मार्केट तरी आहे. तुम्हाला काय होतं?

तेव्हा मला उत्तर हवं आहे, आणि तोंडी नको, तुमचं तोंडी ऐकून झालं. त्या कार्डांवर माझं नाव का नव्हतं? ऑफिसला चाललं नसतं म्हणून, की तुम्हाला वर चढवत नव्हतं आणि तरी ती बिअर तुमचीच असावी असं वाटत होतं म्हणून? सोमवार, एकतीस मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवावं. तुम्ही कळवणार नाही हे मला समजतं, आणि हे पत्र टाकायला पेटीही नाही. पण मुदत खरी आहे. मुलगा एक तारखेला सकाळी येईल आणि कागद घेऊन जाईल, तोपर्यंत ते माझ्या घरात आहेत आणि फाडता येतात.

कारण ते कोरे नाहीत, साहेब. कुपवाडहून येताना त्या मुलीने आमच्या तयार टाकीतली एक बाटली भरून दिली होती. ती मी घरी उघडली. नाकाला नाही तरी जिभेला कळलं, बिअर चांगली होती, माझ्या तीन टाक्यांतल्या कुठल्याही बिअरपेक्षा चांगली. मी टेबलाशी बसले आणि चौदाच्या चौदा कागदांवर सह्या केल्या, सावकाश, सिस्टरनी शिकवलेल्या वळणाने. ती मुलगी वहीत काय लिहिते हे मला पाठ झालं होतं, तरी केल्या. ती बिअर माझी असावी असं मला वाटलं.