हैबतीची बायको

अकोट फैल, अकोला
सोमवार, ८ फेब्रुवारी १९६५

प्रिय देवमन,

तुझं नाव मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तीन वर्षं तुझ्या घरात होते, पण नाव कधी तोंडातून काढलं नाही; "ऐकलं का" यावरच सगळं भागवलं. काडीमोड झाल्यावर तुला काय म्हणायचं हे मला कोणी शिकवलं नाही, म्हणून माझं मीच ठरवलं. आता तू देवमन आणि मी ललिता. आणि सुरुवातीलाच सांगते, सगळं बरं आहे. माझं अक्षर पाहून घाबरून दारातच उभा राहिला असशील, तर आत जा, खाली बस आणि सावकाश वाच.

माझी नोकरी गेल्या जूनपासून कायम झाली. मुलींच्या शाळेत पाचवी आणि सहावी माझ्याकडे आहे. एक खोली आहे, नळ अंगणात आहे, घरमालकीण भांडखोर पण मनाची चांगली. शाळेत शैला नावाची मास्तरीण माझ्या जोडीला आहे, वकिलाची मुलगी, जठारपेठेतली. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी एका डब्यात जेवतो. पहिल्या वर्षी तिच्या आईला ते रुचलं नव्हतं. आता तीच माझ्यासाठी मुद्दाम जवसाची चटणी पाठवते. शैलाच्या घरी धाकट्या भावासाठी मुलांचं एक मासिक येतं. भाऊ त्यातली कोडी सोडवतो आणि चित्रकथा वाचतो आम्ही दोघी घोडनवऱ्या. त्या चित्रकथेबद्दल मला तुला सांगायचं आहे. हस हवं तर, पण सांगू दे. तू दिवसभर नकाशे गिरवणारा माणूस, रेघेतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

त्यात दोन जासूद आहेत, एका गडाचे खलिते दुसऱ्या गडावर पोचवणारे. एक हैबती: दांडगा, बोलका, आधी करून मग विचार करणारा. दुसरा सोनजी: अंगानं बारीक, अबोल, सगळ्या वाटा पाठ असलेला. लढाया आहेत, पूर आहेत, वाघसुद्धा आहे. पण मला आवडतात ती मधली चित्रं, जिथं काहीच घडत नाही. हैबती झोपलाय आणि सोनजी शेकोटीत काटक्या सारतोय. सोनजीच्या पायात काटा रुतलाय आणि हैबती तो पाय मांडीवर घेऊन बसलाय. शैला म्हणाली, "किती छान मैत्री गं!" मी "हो" म्हणाले, पण अंक घरी आणला आणि तेच पान पुन्हा उघडलं. हैबतीचं लक्ष काट्याकडे आहे आणि सोनजीचं हैबतीकडे. मैत्रीत माणूस असा बघतो का? बघतही असेल. पण मी असं बघणं आधी कुठंतरी पाहिलेलं होतं. शैला आणि मी या दोघांवरून भांडायचोसुद्धा. तिचं म्हणणं, सोनजीनं एकदा तरी मनातलं बोलायला हवं होतं, एवढा कसला मानीपणा. माझं म्हणणं, चित्रात प्रत्येकाच्या तोंडाशी फुगा काढता येतो, पण फुग्यात काय लिहायचं ते आधी कोणाला तरी माहीत असावं लागतं. त्या बिचाऱ्याला तसा शब्दच कोणी दिलेला नव्हता.

मग किल्लेदारानं हैबतीचं लग्न ठरवलं. लग्नाच्या पानावर मांडव, वाजंत्री, पंगती, सगळं भरगच्च. आणि सोनजी मांडवाबाहेर, दोन्ही घोड्यांचे लगाम धरून, पाठमोरा. त्यानंतर किती महिने चित्रकारानं त्याचा चेहराच काढला नाही. शैलाला वाटलं, चित्रकाराला कंटाळा आला असेल. आणि बायको? ती कायम कोपऱ्यात. हातात दिवा, नाहीतर तांब्या. तिला नावसुद्धा नाही, फक्त "हैबतीची बायको". एका चित्रात हैबती ओट्यावर बसून रस्त्याकडे बघतोय, आणि ती चौकटीला धरून त्याच्याकडे बघतेय. ते चित्र पाहिलं आणि माझा घास हातातच राहिला.

आपलं लग्न अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यात नव्या रीतीनं झालेल्या पहिल्या काही लग्नांतलं. पांढरे कपडे, त्रिसरण, पंचशील, ना हळद ना मुंडावळ्या. माझे बाबा चांदूर बाजारहून आलेल्या एकेकाला धरून सांगत होते, जावई बांधकाम खात्यात ट्रेसर आहे, सरकारी. आणि तू वाईट नव्हतास रे. कधी आवाज चढवला नाहीस. माझी अर्धवट राहिलेली मॅट्रिक तू पुरी करून घेतलीस, परीक्षेला सायकलवर मागे बसवून न्यायचास. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलं पोरीनं. आणि मी आरशासमोर उभी राहून माझ्यात काय कमी आहे ते शोधायची. रंग? दात? बोलणं? उकडतं म्हणून तू ओसरीवर निजायचास, आणि थंडीतही तुला उकडायचंच. शेवटी सासूबाई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. मी खाली बघितलं. त्यांनी सासूबाईंना बाहेर बसायला सांगितलं आणि कितीतरी वेळ नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसांत तुझा दोस्त पंजाबराव रोज संध्याकाळी यायचा. सरकी काढायच्या कारखान्यातली, जिनातली, फिटरची पाळी संपवून, कपड्यांना कापसाची पुंजकी चिकटलेली. तो आला की तू हसायचास, माझ्याशीही जास्त बोलायचास, मला चहात साखर किती ते विचारायचास. खरं सांगू? मला तो यावासाच वाटायचा. तेवढा एकच तास आपलं घर घरासारखं वाटायचं. मग त्यानं अकोल्याच्या एका जिनात काम धरलं. सांगायला आला तेव्हा चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी तू सायकलची ट्यूब काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बसलास. मी दोनदा डोकावले. ट्यूब चांगली होती, बुडबुडा एकही येत नव्हता, आणि तू त्या पाण्याकडे बघत बसला होतास. मला तेव्हाच काहीतरी कळलं होतं. पण ज्याला नाव नाही ते कळून करायचं काय? म्हणून मी तेही माझ्याच माथी घेतलं, की मी आले म्हणून याचं घर उदास झालं.

पुढचं तुला माहीतच आहे. मीच म्हटलं, मला जाऊ दे. पंच बसले, माझे बाबा मान खाली घालून बसले, आणि कोणीतरी विचारलं, पोरीत काही दोष आहे का? तेव्हा तू उभा राहिलास. "दोष माह्यात हाय. तिच्यात काई नाई." एवढंच बोललास आणि खाली बसलास. मागं पोरं हसली. तुझे वडील, बुधाजीबाबा, उठून बाहेर गेले. त्या एका वाक्यानं माझी वाट मोकळी झाली. कोणी मला वांझ म्हटलं नाही, ट्रेनिंगला जाताना कोणी आडवं आलं नाही. पण ते वाक्य माझ्या मनात कुठंतरी खुपत राहिलं, आणि का खुपतंय ते इतकी वर्षं मला सांगता येत नव्हतं.

ते कळलं गेल्या दिवाळीच्या अंकात. त्या अंकात हैबतीची बायको पटकीनं मेली. एका चित्रात आजारी, पुढच्या चित्रात धूर, आणि पान उलटलं तर दोघे जासूद घोड्यांवर. सोनजीचा चेहरा दिसला, इतक्या महिन्यांनी, आणि तो हसत होता. मला त्याला हसताना बघून इतकं बरं वाटलं, आणि त्याच क्षणी इतका संताप आला, की मी अंक डब्यावर आपटला. शैलानं डबा सावरला. मी म्हटलं, "तिला मारलं काहून?" ती म्हणाली, "अगं, नाहीतर गोष्ट पुढं कशी गेली असती? ती वाटेत होती." मी म्हटलं, "वाटेत होती तर तिला चालत जाऊ द्यायचं. पाय नव्हते का तिला?" आणि मग मला हसूच यायला लागलं. डोळ्यांत पाणी आणि हसू, दोन्ही एकदम. शैलाला वाटलं, मला काहीतरी झालं. झालंच होतं. मला एकदम दिसलं, की मी चालत गेले. मला कोणी मारलं नाही, हाकललं नाही. मी त्या कोपऱ्यातून माझ्या पायांनी बाहेर पडले, तू दार उघडं धरलंस, आणि आज मी अकोल्यात जवसाची चटणी खात जिवंत बसले आहे, कोणाची बायको म्हणून नाही, ललिताबाई म्हणून. घरी येताना अंग कापसासारखं हलकं लागत होतं.

आणि म्हणून तुझं ते वाक्य मला खुपत होतं. देवमन, ते वाक्य अर्धं बरोबर होतं. माझ्यात दोष नव्हता. तुझ्यातही नव्हता. सोनजीत नव्हता, हैबतीत नव्हता, त्या बिननावाच्या बाईतही नव्हता. किल्लेदारानं न विचारता मांडव घातला, एवढंच काय ते चुकलं. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं आणि ते सांगायचा हक्क माझ्याइतका कोणाचाच नाही, म्हणून मी सांगते आहे.

पंजाबराव मला गेल्या वर्षी भीमजयंतीला भेटला. मैदानावर भोंग्याची वायर जोडत होता. मला बघून शिडीवरून उतरला आणि "वहिनी" म्हणून गेला, मग जीभ चावली. "आता वहिनी कसं म्हनू तुमाले?" मी म्हटलं, "बाई म्हणा, सगळं अकोलं म्हणतं." मग त्यानं सगळ्यांची चौकशी केली. बुधाजीबाबाचे डोळे कसे आहेत, दारातला निंब आहे का, ती सायकल अजून चालते का, ओसरी गळत होती ती शाकारली का. तुझं नाव सोडून सगळं विचारलं. मी माझ्या माहितीतलं सांगत गेले आणि तो ऐकत राहिला. मी म्हटलं, "अमरावतीला एकदा जाऊन का येत नाही?" तर म्हणाला, "कोन्या तोंडानं जाऊ बाई? माह्यापाई तुमचा संसार मोडला असं तो समजून राहिला, आन् मी बी." म्हणजे बघ, तू तिकडे माझ्यासाठी स्वतःला शिक्षा करून बसला आहेस, तो इकडे बसला आहे, आणि ज्या माझ्यासाठी हे चाललंय ती मी मजेत आहे!

बुधाजीबाबा पौषात इथं अकोल्यात त्यांच्या बहिणीकडे, माणिकबाईंकडे, आले होते, तेव्हा शाळेत येऊन मला भेटून गेले. सासरा म्हणून नाही, बाप म्हणून आले असं म्हणाले. शाळेतल्या निंबाखाली बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पोरगं कोनाशी बोलत नाई, माय. कचेरीतून येते, खाते, निजते. मी त्या दिवशी पंचातून उठून गेलो ना, थेच मले लागून राहिलं. त्याले ज्याच्यासंगं सुख हाय त्याच्यासंगं राहू दे. मले काई म्हनायचं नाई." हे त्यांना तुझ्या तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून इतक्या दूर येऊन मला म्हणाले. मी तुझ्यापर्यंत पोचवलं.

आता जे लिहायला बसले होते ते. आधी लिहिलं असतं तर तू पत्र अर्ध्यावर टाकून बडनेऱ्याला गाडी पकडायला धावला असतास, आणि वरचं सगळं मला तुला कधीच सांगता आलं नसतं. पंजाबरावला मुदतीचा ताप आला होता. जिनातल्या लोकांनी त्याला इथल्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. त्यातल्या एकाची मुलगी माझ्या वर्गात आहे, तिच्याकडून मला समजलं. मधले काही दिवस फार वाईट गेले, ते लिहीत नाही. पण आता ताप उतरला आहे, डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं आहे, आणि काल त्यानं माझ्या हातची पेज घेऊन वर मीठ कमी म्हणून तक्रारही केली. "त्याले सांगू नोका" असं मला दोनदा म्हणाला. मी हो म्हणाले नाही. येत्या शनिवारी त्याला सोडणार आहेत. महिनाभर तरी कोणीतरी सोबत असायला हवं, वेळच्या वेळी मऊ खायला घालायला हवं. काल संध्याकाळी नर्सबाई कागद घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, घरचं कोणी आहे का? पंजाबराव भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कोनी नाई." मी उशाशीच उभी होते. मी म्हटलं, "आहे. अमरावतीला असतात. शनिवारी सकाळी न्यायला येतील." नर्सबाईंनी नाव विचारलं, मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, त्यांनी ते लिहून घेतलं. तो भिंतीकडेच बघत होता, पण त्याचे खांदे हलत होते. तेव्हा ये. मी कधी खोटं बोलत नाही अशी शाळेत माझी ख्याती आहे, ती घालवू नकोस.

तुझी, उशिरानं झालेली मैत्रीण,
ललिता