आक्काचं फ्लॉरेन्स

कोल्हापूर, ९ जानेवारी २०२५

चि. विजयसिंह यास अ. उ. आ.

फोटोवाल्यानं तिसऱ्यांदा डोळे मोठे करायला सांगितलं तेव्हा मी त्याला म्हणाले की बाबा, हे एवढेच आहेत, आणि डावा तर नुसता लावलेला आहे. व्हिसाला उघडे डोळे लागतात. त्यांतून दिसतं का, हे कोणी विचारत नाही. शेवटी जो फोटो निघाला त्यात मी चोर बघितल्यासारखी दिसते. तुझे दाजी म्हणाले, लग्नात अंतरपाट काढला तेव्हा हेच तोंड होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखायची, असं डॉक्टर म्हणाले. राहिलेली म्हणजे नळीतून बघावं तेवढी. फ्लॉरेन्स तेवढ्यात मावेल का, असं मी विचारलं. मे महिन्याच्या पुढं ढकलू नका, एवढंच ते बोलले.

तिथली चित्रं मी शाळेत पोरींना जन्मभर शिकवली. पुस्तकात ती काडेपेटीएवढी होती आणि छपाईत सगळ्यांचे चेहरे हिरवे यायचे. मला खरा रंग एकदा बघायचा आहे. दाजींना चित्रांशी देणंघेणं नाही. त्यांना आपल्या राजाराम महाराजांची छत्री बघायची आहे. विलायतेहून परतताना महाराज तिथंच वारले, ऐन विशीत. ही गोष्ट दाजी दूधवाल्यालाही सांगतात.

फोन कर म्हणू नकोस. बोलायला मला जन्म पडला आहे, लिहायला नाही.

लोभ असावा. कमी झाला तर कळवू नये.

तुझी आक्का

•

श्टुटगार्ट, ३० जानेवारी

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या ओळी उजवीकडं उतरत जातात, पन्हाळ्याच्या घाटासारख्या. वाचताना मान वाकडी झाली. लहानपणी आमच्या रेघा वाकड्या आल्या की तू पट्टी दाखवायचीस, ते आठवलं.

तीन दिवस धरले आहेत, बारा मेपासून. दोन तुझे, एक दाजींचा. हॉटेल तळमजल्यावर मिळालं. चित्रसंग्रहालयाची सकाळची वेळ घेतली आहे, म्हणजे गर्दीत धक्के बसणार नाहीत. तुला एका चित्रापुढं तासभर उभं राहायचं असेल तर राहा. मी मध्ये बोलणार नाही. छत्री गावाच्या टोकाला, नदीकाठच्या बागेत आहे. थोडं चालावं लागेल. मी एकदा जाऊन आलो आहे. पागोटं घातलेले आपले महाराज आणि भोवती कुत्री फिरवणारी माणसं. दाजींना राग येईल, त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझे कागद इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी बराच वेळ वाचले आणि लवकर या म्हणाल्या. ऑपरेशननंतर मात्र डॉक्टर सांगतील तसं वाग. तू कोणाचं ऐकतेस असा माझा अनुभव नाही.

दाजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझा विजू

•

कोल्हापूर, १४ मार्च

चि. विजूस अ. उ. आ.

ऑपरेशन झालं. डॉक्टर समाधानी आहेत. डोळ्यावर काळा चष्मा, डोक्यावरून पाणी नाही, धूळ नाही, चुलीपुढं जायचं नाही. नव्या नवरीसारखी बसून खाते. रोज सकाळी पलंगावरून कॅलेंडरातली तारीख वाचते. अजून वाचता येते.

व्हिसा आला. त्यावरही तोच चोर बघितलेला फोटो. दाजींनी तालमीत जाऊन सांगितलं, आणि आता तालमीची पोरं पाडव्याला सत्कार करणार म्हणतात. मी नको म्हणाले. दाजी म्हणाले, पोरांचा उत्साह मोडू नये. तालमीतनं कोण महाराजांच्या छत्रीला गेलंय सांग की. त्यांतल्या ज्ञानूनं तर छत्रीवर घालायला पंचगंगेचं पाणी न्यायला सांगितलं आहे. विमानात चालत नाही म्हटलं तर म्हणतो, काकू, पावणं म्हणून जाताय न्हवं, रिकाम्या हातानं कसं जायचं?

थंडी असेल का रे मेमध्ये? स्वेटर धुऊन ठेवला आहे.

लोभ वाढवू नकोस, सामानाला वजनाची मर्यादा आहे.

आक्का

•

कोल्हापूर, ८ एप्रिल

चि. विजयसिंह यास आशीर्वाद.

आक्काचं अक्षर नाही हे बघून समजला असशील. परवा तुझा फोन आला तेव्हा ती झोपली आहे असं मी म्हणालो. ती दवाखान्यात होती. अजून आहे.

पाडव्याला तालमीसमोर सत्कार झाला. आम्हां दोघांना फेटे बांधले. हलगी होती. चौकात मोठा डिजिटल फलक लावला होता आणि त्यावर पोरांनी व्हिसाचेच फोटो मोठे करून घातले होते. आक्काला हसू आवरेना. काळ्या चष्म्यातून नीट दिसेना म्हणून तिनं तो काढला आणि मान वर करून फलक बघत राहिली. तेवढ्यात गुलाल उडाला. आपल्याकडं फुटबॉल जिंकला तरी गुलाल, निवडणूक जिंकली तरी गुलाल. कोणाची मूठ होती ते विचारू नकोस. सगळ्यांचे हात लाल होते.

घरी येऊन तिनं डोळा धुतला. दुखत होतं, पण दोन दिवस बोलली नाही. सांगितलं तर तुम्ही जाणं रद्द कराल, असं नंतर म्हणाली. तिसऱ्या दिवशी डोळ्यात पू झाला. ऑपरेशनची जागा अजून कच्ची होती, तिथून आत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. डोळ्यात इंजेक्शनं दिली आहेत. पट्टी उद्या सोडणार.

पडल्या पडल्या ती विचारते, चित्रांच्या खोलीत बसायला बाक आहेत का. मला माहीत नाही, म्हणून आहेत म्हणतो. पोरं दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहतात. आत येत नाहीत. काल ज्ञानू आला होता, त्यालाही आत बोलावणं मला जमलं नाही.

तिकिटं उद्यापर्यंत ठेव. लोभ ठेवावा असं आमच्या हातून काही झालेलं नाही. तरी ठेव.

गणपतराव

ता. क., ९ एप्रिल. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी तिच्यापुढं बोटं धरली आणि किती आहेत म्हणून विचारलं. तिनं हात पुढं केला, त्यांची बोटं चाचपली आणि तीन म्हणाली. तीनच होती. तिकिटं रद्द कर.