सरावातली हिरवी चिठ्ठी

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दवाखान्यात काही घडलं की पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतं. तू तिथे आया होतीस, अपघात विभागाची फरशी पुसण्यात तुझा जन्म गेला. आणि तुझा पोरगा आता तसल्याच दवाखान्यांना संकटात कसं वागायचं ते शिकवतो. म्हणजे संकट नसताना. यंदा वरून आदेश आला, किरणोत्सर्गाचा सराव घ्या. असं समज की वरठीच्या रस्त्यावर पोलादाचे जोड तपासायचं यंत्र नेणारी जीप उलटली, आतली किरणोत्सर्गी पेटी फुटली आणि तिची धूळ माणसांच्या अंगावर बसली. दिसत नाही, वास नाही. तू असतीस तर फिनेल ओतून मोकळी झाली असतीस. दारात किरणं मोजायच्या मीटरनं तपासायचं, कपडे उतरवायचे, अंग धुवायचं. पण ज्याचा जीव जातो आहे त्याला आधी वाचवायचं, धूळ मागाहून. हे शेवटचं वाक्य आराखड्याच्या पहिल्या पानावर मीच ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

प्रश्न होता जखमींचा. मागच्या सरावात नर्सिंगच्या मुली आणल्या, त्या स्ट्रेचरवर खिदळत होत्या. म्हणून या वेळी मी थेट झाडीपट्टीतली एक नाटक कंपनीच बोलावली. आता आपल्याकडचा नट झटकन मरत नाही हे मला कळायला हवं होतं; त्याला मरायला दहा मिनिटं आणि एक गाणं लागतं. नायिका मीटर जवळ येताच बेशुद्ध पडली, मग प्रेक्षक दुसऱ्या बाजूला आहेत हे लक्षात आल्यावर उठून तिकडे तोंड करून पुन्हा पडली. मोठ्या डॉक्टरांनी चक्क टाळी वाजवली. जो जास्त ओरडेल त्याच्या गळ्यात मी लाल चिठ्ठी अडकवत होतो. लाल म्हणजे आधी याला बघा.

बाकावर एक जण बसला आहे. कारखान्याचा निळा शर्ट घामानं चिंब, हात छातीवर. "तुमचं काय?" मी विचारतो.

"छाती भरून आली, साहेब. दम घेता नाही येऊन रायला."

"वाक्य चांगलं आहे, पण जरा मोठ्यानं बोला ना भाऊ. मागच्या रांगेला काय ऐकू जाईल?"

तो नुसता बघत राहिला. मी त्याला हिरवी चिठ्ठी घातली, म्हणजे किरकोळ, थांबू द्या. आणि वहीत शेरा मारला, अभिनय कच्चा.

पाचेक मिनिटांनी शेजारच्या स्ट्रेचरवर तोंडावर चादर घेऊन मेलेला खलनायक उठून बसला. "ओ साहेब, हा आपल्या कंपनीचा नाही नं बाप्पा! याले मेकअपच नाही!"

"तुम्ही मेलेले आहात," मी म्हणालो.

"मी मेलो नं, पण हा खराच मरून रायला!"

मग मेलेल्या चौघांनी मिळून त्याला उचलून पळतच आत नेलं. झटका हृदयाचा होता. वाचला.

तेव्हापासून तुझी चूल आठवते आहे. मी चौथीत आहे, शाळा बुडवायला पोट धरून लोळतो आहे आणि तू ड्यूटीच्या पांढऱ्या लुगड्यात, मागे वळूनही न बघता म्हणतेस, "ज्याले खरं दुखते त्याले बोंबलाले दम नसते, बाबू. ऊठ, दप्तर उचल." मला वाटलं होतं, तू शाळेबद्दल बोलत होतीस.

अहवालात मी लिहिलं, 'सरावादरम्यान आलेला प्रत्यक्ष रुग्ण तत्परतेने ओळखण्यात आला.' कोणी ओळखला, याला रकाना नव्हता. परवा तो माणूस बायकोला घेऊन घरी आला, आसगावच्या नव्या तांदळाची पिशवी घेऊन. "यायले सगळ्यात आधी तुम्हीच इचारलं म्हणते, साहेब. तुमच्यामुळं वाचले," बायको म्हणाली. तो तसाच बघत होता, जसा त्या दिवशी. मी सगळं सांगणार होतो, माय, खरंच. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा घ्या."

हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं. त्याचा पत्ता केसपेपरवर आहे. तुझा कुठेच नाही, म्हणून तुला लिहितो आहे.