पॉलिश मारलेलं चाक

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तुमच्या हातात कधी न आलेल्या धातूबद्दल मी लिहायला बसलो आहे. भंडाऱ्याजवळच्या आमच्या वर्कशॉपात आता लहान जेट इंजिनांची चाकं काततात, तळहाताएवढी, निकेलच्या मिश्रधातूची. आगीत लाल होऊनही न वाकणारा, महाहट्टी धातू. कापणारी टिप बोथट होऊन नुसती घासू लागली, की त्याची कातडी कडक होते आणि आत बारीक तडा जाऊ शकतो. वरून काही दिसत नाही. म्हणून एका चाकाला एक नवी टिप, हा आमचा नियम.

परवा टिपा संपल्या. कुरिअर आलं नव्हतं आणि माल न्यायची गाडी दारात उभी होती. एक चाक मी वापरलेल्या टिपेवरच घेतलं. अर्ध्यात मशीनचा आवाज बदलला. मी ऐकलं, सर. थांबलो नाही. चाक काढलं तर मधल्या भोकाच्या आत घासून तापल्याची तपकिरी झाक. एमरी पेपर मारला, चकाकलं. माप बरोबर आलं आणि ते बाकीच्यांसोबत पेटीत गेलं.

आयटीआयच्या पहिल्या वर्षी मी असंच केलं होतं. लेथवर बिघडलेला शाफ्ट घासूनपुसून तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही पवनीहून एसटीनं नुकतेच आलेले, डबा अजून हातात. शाफ्ट खिडकीच्या उजेडात फिरवलात आणि म्हणालात, "बिघडला तं बिघडला म्हण ना बे. पालिश कायले मारून राहिला? उद्या यानं कोनाचा हात गेला तं तू आपला देशील का?" सगळा वर्ग हसला. मला तुमचा भयंकर राग आला होता.

आज दुपारी इंजिनवाल्यांकडच्या इंजिनिअर मुलीचा फोन आला. मागे आली तेव्हा माझ्या डब्यातली वांग्याची भाजी मागून खाल्ली होती तिनं. "काका, उद्या सकाळी तुमच्या चाकावर इंजिन फुल स्पीडले नेऊन राहिलो. मी बाजूलेच राहीन." त्या वेगाला चाक फुटलं तर लोखंडी पत्राही फाडून जातं. कोणतं चाक लावलं, हे विचारायचं होतं. "छान," एवढंच म्हणालो.

तिचा फोन नंबर समोर आहे. सांगितलं तर नोकरी जाईल, पण मी गप्प आहे तो लाजेनं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला लिहिणं सोपं, कारण तुम्ही काही विचारू शकत नाही. प्रत्येक चाकावर नंबर कोरलेला असतो. त्या चाकाचा मला पाठ आहे, आणि तो इथेही लिहायचा मला धीर झाला नाही.