एक वाक्य म्हणून दाखवा

१० नोव्हें., सोम.
सौ.नं जेवताना जाहीर केलं की तिला वैद्यकीय इच्छापत्र करायचंय. म्हटलं, पोळी तरी संपू दे.
तिच्या अक्काला जाऊन महिना होत आला. शेवटी कितीतरी दिवस अक्का मशीनवर. डॉक्टर रोज विचारायचे, पुढे काय करायचं? साडूभाऊ रोज म्हणायचे, करा काय लागेल ते. सौ. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. सगळं काचेतून बघत उभी असायची. तिथे एक शब्द बोलली नाही. आज बोलली.

१२ नोव्हें., बुध.
शनिवार पेठेतल्या वकीलबाईंकडे. तीन जिने. जीव गेला. म्हाताऱ्यांची कामं करता तर लिफ्ट नको का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "चढून येता येतंय तोवरच करायची असतात ही कामं." पेठेतलं उत्तर. आवडलं.
मृत्युपत्रांचं पटकन ठरलं. फ्लॅट जो मागे राहील त्याला, त्यानंतर लेकीला, मीनलला. सोसायटीत तिचं नाव नॉमिनी म्हणून आहेच की, असं मी म्हटलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, म्हणाल्या. इतकी वर्षं मी उलटं समजत होतो.
इच्छापत्र वेगळं. शुद्ध नसेल, बरं व्हायची आशा नसेल, तेव्हा नळ्या आणि मशीन नको, हे आत्ताच लिहून ठेवायचं. दोन साक्षीदार, नोटरी. मन बदललं तर रद्द करता येतं. आणि त्या वेळी तिच्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलणार, त्यांची नावं.
सौ. म्हणाली, मीनल. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सौ. म्हणाली, "यांचं नंतर बघू."
इतक्या वर्षांचा संसार आणि मी वेटिंग लिस्टवर.

१३ नोव्हें., गुरु.
रुसून दिवसभर पेपरात डोकं घातलं. भाजी मात्र माझ्या आवडीची. म्हणजे कळलंय तिला.

१५ नोव्हें., शनि.
शेवटी विचारलं. माझं नाव का नाही?
म्हणाली, ऐन वेळी तुम्हीपण भावजींसारखंच म्हणाल, करा काय लागेल ते. मी चिडलो. मला काय समजतेस वगैरे. तिनं डाळीचं ताट पुढे ओढलं.
"मग एक वाक्य म्हणून दाखवा. 'आता थांबवा, तिची तशी इच्छा होती.' म्हटलंत की नाव घालते."
एवढंच? वीजबिलाच्या खिडकीवर अख्खी नोकरी लोकांना नाही म्हणण्यात गेली. म्हणायला लागलो. 'आता' आलं. पुढचं येईना.
पाणी प्यायलो. ती डाळ निवडत होती. हसली नाही, हे तिचे उपकार.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी नदीकाठी फिरताना एकट्यानं मोठ्यांदा म्हटलं. सहज जमलं. कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई थबकल्या, काय थांबवू म्हणून. काढता पाय घेतला. घरी येऊन सौ.चं तोंड पाहिलं आणि बोंबललं सगळं.
दुपारी मीनल आली. तिला आईनं आधीच विचारलं होतं म्हणे. आधी रडली, मग आईसमोर बसून वाक्य म्हणाली. पोरगी आईवर गेलीय. बरं झालं.

१९ नोव्हें., बुध.
काय बाई आहे ही. साक्षीदार व्हाल का, असं विचारायला खालच्या मजल्यावरच्या दोघींकडे गेली. त्या आधी घाबरल्या. तासाभरानं दोघींनी आपापलं इच्छापत्र करायचं ठरवलं, आणि वर चहा. स्वतःच्या मरणाबद्दल ती अशी बोलते, जशी ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटचं सांगत असेल. कुठे आवाज चढत नाही, कुठे रडगाणं नाही.
मला तिचा फार अभिमान वाटतो. वहीत लिहितोय, तोंडावर सांगायचं राहिलंय. नेहमीचंच.

२३ नोव्हें., रवि.
उद्या नोटरी. संध्याकाळची बुद्धवंदना झाल्यावर तिच्यासमोर बसलो. हात धरला नाही. धरला असता तर जमलं नसतं.
म्हटलं. आवाज फाटला, पण वाक्य पुरं झालं.
तिनं पदरानं डोळे टिपले. "जमलं की हो तुम्हाला." मीनलखाली माझं नाव घालायचं ठरलं. शाळेत पहिला नंबर आला नाही कधी, पण आला असता तर असंच वाटलं असतं.
म्हटलं, लगे हात माझंही करून टाकू. त्यात पहिलं नाव तुझं. तर आता तू म्हण. आता थांबवा, त्यांची तशी इच्छा होती.
"त्यात काय," म्हणाली. चष्मा नीट केला. माझ्याकडे बघितलं. "आता," म्हणाली.
मग कुकर लावायचाय म्हणून उठली. कुकर मघाशीच झाला होता.